कार्ड मिळालं, पण आपला डॉक्टर कोण?

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. आपण स्टेटस ठेवले, कर्नाटकने आक्षेप घेतला. पण मित्रांनो, ही योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरची. दाखल व्हायची वेळच येऊ नये, त्याचं काय?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये 'मेडिकल होम' ही कल्पना मांडली. सुरुवात साधी होती: आजारी मुलाचे सगळे कागद एका जागी असावेत. २००७ मध्ये डॉक्टरांच्या चार संघटनांनी तिची तत्त्वं जाहीर केली. प्रत्येक पेशंटला ठरलेला डॉक्टर, त्याच्यासोबत टीम, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं तरी पाठपुरावा त्याच टीमकडे.

आपल्याकडे बघा. शुगरचा पेशंट गोळ्या निपाणीत घेतो, तपासणीला मिरजेला जातो, कधी बेळगावला. तिन्हीकडचे कागद एका कॅरीबॅगेत, आणि ते एकत्र वाचणारं कुणीच नाही.

हे फक्त श्रीमंत देशांना जमतं असंही नाही. केरळने २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं करायला घेतली.

म्हणून मला वाटतं, कार्डावर थांबू नये. गावच्या केंद्रात घरटी नोंद हवी, औषधं नियमित हवीत, आणि आजीला आपलं दुखणं मराठीत सांगता यायला हवं. पेशंट केंद्रस्थानी म्हणायचं आणि त्याची भाषा दाराबाहेर ठेवायची, हे कसं चालेल? केंद्र कर्नाटकचं, म्हणून मागणी बेंगळुरूकडे. दोन राज्यांतले कागद जुळवायचे, म्हणून मुंबईकडेही.