हातभट्टी आणि आर्टिझनल

माझा पुतण्या पुण्याहून वर्ध्याला येताना एक बाटली घेऊन आला. घाबरू नका, रिकामी होती! मनीप्लांट लावायला. भरलेली बाटली आमच्या जिल्ह्यात आणणे हा गुन्हा आहे. १९३६ साली गांधीजी शेजारच्या सेगावात राहायला आले, त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. त्यांच्या पुण्याईने आमचा अख्खा जिल्हा कोरडा आहे. कागदोपत्री.

"काका, लेबल वाचा. फ्रेंच फार्महाऊस एल. आर्टिझनल आहे!" हे तो अशा आवाजात म्हणाला, की सौ.ने पदर सावरला.

मी चौकशी केली. फ्रान्सच्या उत्तरेला शेतकरी थंडीत घरच्या सातूची बिअर करीत आणि उन्हाळ्यासाठी राखून ठेवीत. तिचे नावच 'बिएर द गार्द', म्हणजे ठेवणीतली बिअर. आपल्या कुरडया-पापडासारखी. सीमेपलीकडे बेल्जियमात तिची बहीण 'सेझों', हंगामाच्या मजुरांसाठी केलेली.

आता मला सांगा, शेतकऱ्याने घरच्या घरी, हाताने, थोडी थोडी केलेल्या दारूला मराठीत काय म्हणतात? हातभट्टी! 'आर्टिझनल'ला इतका चपखल प्रतिशब्द कुठल्या भाषा समितीलाही सुचला नसता.

"पण काका, बिअर आंबवतात. मोहाची गाळतात."

मान्य. पण व्हिस्कीही गाळतातच की. ती स्कॉटलंडच्या खेड्यातली असूनही तिला कोणी गावठी म्हणत नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या मध्य प्रदेशात मोहाची दारू 'हेरिटेज' झाली. आमच्याकडे मात्र पेपरात बातमी येते, 'मोहा सडवा नष्ट', आणि फुटक्या मडक्यांशेजारी एक बाई मान खाली घालून उभी!

दारूबंदी उठवा, असे मी म्हणत नाही. बचत गटाच्या बाया माझ्या काउंटरवर येतात. नवऱ्याने किती उडवले, ते मला पासबुकावरून कळते. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तीही गरिबांचीच. तेव्हा दारूला माझा लांबूनच नमस्कार.

माझे भांडण नोंदीशी आहे. व्यवहार एकच. फ्रेंच शेतकऱ्याने केला तर जमेच्या बाजूला 'वारसा', आर्वीकडच्या मजुराने केला तर नावे 'गुन्हा'. ज्याच्याकडे मोटार आहे, तो शनिवारी 'कामानिमित्त' नागपूरला जाऊन येतो. ज्याच्याकडे सायकल आहे, तो नाक्यावर सापडतो. अशी खतावणी मी लिहिली असती, तर ऑडिटरने मला घरी बसवले असते. बंदी असेल तर मोटारीलाही असू द्या, आणि कौतुक करायचे असेल तर मोहाचेही करा!

एवढे बोलून मी खिडकीकडे पाहिले, तर सौ. बाटलीवरचे लेबल घासून काढत होती.

"अगं, आर्टिझनल आहे ती!"

"असू द्या. शेजारच्यांना फ्रेंच कुठे येतं? त्यांना बाटली तेवढी कळते."

जिल्ह्यात समान न्याय तेवढा आमच्या शेजाऱ्यांकडेच उरला आहे.