सायकल चालवणाऱ्या भगिनींनो, टोमण्यांना भिऊ नका!

मुलगी सायकलवर निघाली की गावाला संस्कृती आठवते. तीच डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालते तेव्हा आठवत नाही.

तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेसोबत स्त्रियांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणकामगार बायकांसह लाखभर जणी शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा जेन्ट्स सायकली घेतल्या आणि पुढच्या दांडीवर लेकरू बसवलं. टोमणे तिथंही होतेच. पण बसची आणि नवऱ्याची वाट पाहणं सुटलं.

समाजाची प्रगती बाबासाहेब स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. म्हणून आम्ही म्हणतो, एकटं वाटत असेल तर चौघी मिळून निघा. आणि कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या मुलींना सायकल शिकवणं हेही चळवळीचंच काम आहे.

जय भीम!