टोचनवाल्यांनी भाव आधी सांगावा

कसारा किंवा खंबाटकी घाटात रात्री गाडी बंद पडली की टोचन करणारा फरिश्ता वाटतो. गाडी गॅरेजला लागून पैशाची गोष्ट निघाली की तोच लुटारू ठरतो. या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

ग्राहकाला खर्च दिसत नाही. क्रेन दिवसभर उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. डिझेल, वायररोप, विमा आहेच आणि दरीच्या कडेला हुक लावणाऱ्या पोराचा जीव टांगणीला असतो तो वेगळाच. शहरात नो-पार्किंगच्या गाड्या उचलणाऱ्यांवरचा रागही लोक आपल्यावरच काढतात. तरीही अडलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. तेव्हा भाव हुक लावण्यापूर्वीच ठरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. किलोमीटरचा दर आणि रात्रीचा आकार क्रेनवर रंगवून घ्यावा, पक्की पावती द्यावी. विमा कंपनीही तीच मागते. राष्ट्रीय महामार्गांवर आता १०३३ क्रमांकावर मदत मागता येते, म्हणजे ग्राहकाला दुसरे दार उघडले आहे. आणि गॅरेजवाल्याकडून घेतलेले कमिशन ग्राहकाच्या बिलात चढवणे तर आजच बंद करावे.