पिक्चर आवडला की नाही, हे आमचं आम्ही ठरवू द्या की!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली येऊन कुणी 'तू त्या पिक्चरचा फॅन दिसतोस' म्हणायला नको. 'हर हर महादेव' मला आवडला नव्हता. सुबोध भावे नट म्हणून मोठाच, पण महाराजांच्या वेशातही मला शेवटपर्यंत सुबोध भावेच दिसत राहिला. शरद केळकरचा बाजीप्रभू ताकदीचा आहे, मात्र 'तान्हाजी'मध्ये दोनच वर्षांपूर्वी त्याला महाराज म्हणून बघितलेलं, ते काही डोक्यातून जाईना. मारामारी पाहून वाटलं, की 'बाहुबली'ची उसनी हवा भरलीय. पाच भाषांत रिलीज करायचा म्हटल्यावर असंच होणार. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' याच घटनेवरचा, आणि तो मला कितीतरी जास्त भिडला. अजय पुरकरचा बाजी पडतो तेव्हा थेटरात कुणी पॉपकॉर्न चावत नव्हतं.

हे माझं मत. तिकिटाचे पैसे भरून बनवलेलं. तुमचं वेगळं असेल, या, भांडू.

पण ७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ठाण्यात हे भांडण प्रेक्षकांच्या हातातून काढून घेतलं गेलं. आमच्या माजिवड्यातून रिक्षाने (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे कधीच नाही) पाच-दहा मिनिटांवरचा विवियाना मॉल. जितेंद्र आव्हाड आणि राष्ट्रवादीचे कार्यकर्ते आत शिरले, 'हर हर महादेव'चा शो बंद पाडला. जाब विचारणाऱ्या एका प्रेक्षकाला मारहाण झाली. बायकोबरोबर पिक्चर बघायला आलेला माणूस तो! मारहाण आपण थांबवत होतो, असं आव्हाडांचं म्हणणं. ११ तारखेला त्यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन. त्याच रात्री मनसेचे अविनाश जाधव तिथे पोचले आणि शो पुन्हा सुरू करायला लावला. आता यात गंमत बघा. या पिक्चरला निवेदनाचा आवाज राज ठाकरेंचा आहे. म्हणजे बंद पाडणारा एक पक्ष, चालू करणारा दुसरा पक्ष, आणि मधल्या खुर्चीत बसलेला जो माणूस होता त्याला कुणी विचारलंच नाही, बाबा रे, तुला कसा वाटला पिक्चर?

इतिहासाची मोडतोड झाली हा आक्षेप खोटा होता असं मी म्हणत नाही. मलाही दोन-तीन ठिकाणी खटकलं. मग लिहा ना. पुरावे मांडा, सभा घ्या, कोर्टात जा, मॉलबाहेर फलक घेऊन उभे राहा, मी स्वतः येऊन वाचेन. सेन्सॉरचं सर्टिफिकेट मिळालेला सिनेमा निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे नमून दाबता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात सांगून ठेवलंय. आणि हे ज्यांना ठाऊक नाही असे पुढारी ठाण्यात तरी नाहीत.

आता काही जण म्हणतील, लोक सिनेमालाच इतिहास समजतात त्याचं काय? समजतात, कबूल. 'छावा' बघून मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन मुघलांचं सोनं शोधायला शेतं खणत होते. हसायला येतं, पण त्यावर उपाय काय, थेटरात घुसणं?

मी गेम खेळणारा माणूस, म्हणून तिकडचं उदाहरण देतो. 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' हा प्राचीन इजिप्तवरचा गेम. त्यात थापा भरपूर. पण २०१८ मध्ये त्याच कंपनीने 'डिस्कव्हरी टूर' दिली. तलवार बाजूला ठेवायची, तेच शहर, तेच पिरॅमिड, नुसतं फिरायचं आणि खरी माहिती ऐकायची. दुसरं उदाहरण 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. अमेरिकन कंपनीने बनवलेला, १२७४ च्या मंगोल आक्रमणावरचा. चिलखतं बघाल तर काही शतकं नंतरची! जपान्यांनी काय केलं? त्सुशिमा बेटाने गेमच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमलं. आपल्याकडे एखाद्या निर्मात्याला पिक्चरच्या शेवटी दोन मिनिटं एवढं दाखवायला काय हरकत आहे, की हा प्रसंग अमुक बखरीतला, आणि हा आमच्या लेखकाच्या डोक्यातला? पण नाही. सुरुवातीला डोळ्यांना दिसायच्या आत गायब होणारी पाटी टाकायची आणि मोकळं व्हायचं. निर्मातेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत.

या दडपशाहीचा फटका कुठे बसतो ते बघा. 'छावा' रिलीज व्हायच्या आधीच लेझीमच्या प्रसंगावर गदारोळ झाला, लक्ष्मण उतेकरांनी तो काढून टाकला. प्रसंग वाईटही असेल. पण आपण तो बघितलाच नाही, मग वाईट होता हे ठरवलं कुणी? ट्रेलर बघून? चिन्मय मांडलेकरने 'फर्जंद'पासून महाराज केले. २०२४ मध्ये मुलाच्या नावावरून त्याच्या घरच्यांना इतकं ट्रोल केलं, की त्याने यापुढे ही भूमिका करणार नाही असं जाहीर केलं. नाव काय ठेवलं याचा अभिनयाशी संबंध काय, कुणी सांगेल का?

दुसरी बाजूही तितकीच वैतागवाणी. लांजेकरांच्या पिक्चरमध्ये स्लो मोशन जरा जास्त होतं असं मी एकदा एका ग्रुपवर लिहिलं, तर लगेच 'महाराजांचा अपमान'! अरे, मी कॅमेऱ्याबद्दल बोलतोय. कॅमेरा म्हणजे महाराज नव्हेत. आमची आई 'स्वराज्यरक्षक संभाजी' रोज न चुकता बघायची, शेवटचे भाग तर तिला बघवेनात. पण मधेच एखादा भाग ताणला की तीच म्हणायची, "आज पाणी घातलंय." तिच्या श्रद्धेवर शंका घ्यायची कुणाची टाप होती का? घरच्या टीव्हीसमोर तिला जेवढी मोकळीक होती, तेवढी आज मला फेसबुकवर नाही.

त्यामुळे होतंय काय, की ऐतिहासिक सिनेमाबद्दल दोनच आवाज उरलेत. एक 'जय' म्हणणारा आणि एक 'बंद करा' म्हणणारा. पटकथा ढिली आहे, दाढी चिकटवलेली दिसते, अफजलखान कार्टून झालाय, हे साधं बोलणारा माणूस गप्प बसायला शिकलाय. आणि तो गप्प बसला की निर्मात्याला चांगला पिक्चर काढायची गरजच उरत नाही. घोषणा टाका, भगवा फडकवा, जमलं.

रितेश देशमुखच्या 'राजा शिवाजी'साठी १ मे २०२६ ही तारीख जाहीर झालीय. मी पहिल्या दिवशी जाणार. आवडला तर दुसऱ्यांदा घरच्यांना घेऊन जाईन. नाही आवडला तर कुठे फसला ते इथेच, नाव घालून, सविस्तर लिहीन. कमेंट उघड्या असतील.