तोफ आली, सुटे भाग कोणी द्यावयाचे?

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. याच गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि ग्रामीण मुलांना हातांनी काम करीत शिकण्याची वाट दाखविली. यंत्राची किंमत खरेदीच्या पावतीवर संपत नाही, हे ज्याने एकदा पंप उघडून पाहिला त्याला निराळे सांगावे लागत नाही. लष्करी सामग्रीच्या खरेदीत मात्र हे साधे शहाणपण दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

बोफोर्सचेच पाहावे. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला. १९८७ साली दलालीचे प्रकरण बाहेर आले आणि पुढे कंपनीशी व्यवहार थांबला. लाचखोरीची चौकशी व्हावयासच हवी होती. पण दारी आलेल्या तोफांना सुटे भाग कोठून मिळणार, हा प्रश्न कोणत्या टेबलावर होता? काही तोफा मोडून त्यांच्या भागांवर इतर चालू ठेवण्याची पाळी आली. १९९९ साली कारगिलमध्ये याच तोफांनी पराक्रम गाजविला, तो अशा अवस्थेत! विशेष म्हणजे करारात तंत्रज्ञानाचे हस्तांतरणही होते. त्या आराखड्यांच्या आधारे घडविलेली ‘धनुष’ तोफ लष्कराच्या हाती पडावयास २०१९ साल उजाडले. कागदपत्रे कपाटात सुखरूप होती, एवढेच समाधान!

प्रणाली अभियांत्रिकीचे म्हणणे इतकेच की, तोफ, दारूगोळा, ती ओढणारे वाहन, तोफखान्याचे प्रशिक्षण, दुरुस्तीची हत्यारे आणि अखेरची मोडीत काढणी यांचा विचार गरज ठरवितानाच एकत्र व्हावा. आपल्याकडे मात्र विकत घेणारा एक, साठवणारा दुसरा, दुरुस्त करणारा तिसरा. शिवाय सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की कारकुनी निर्दोष ठरते. तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च मूळ किमतीला मागे टाकू शकतो. तो त्या निविदेत दिसतोच असे नाही.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ साली नेमलेल्या शेकटकर समितीने दुरुस्तीच्या कार्यशाळांच्या व आगारांच्या पुनर्रचनेचा आग्रह धरला. ऑक्टोबर २०२० पासूनच्या खरेदी कार्यपद्धतीत कामगिरीवर आधारित देखभाल करारांनाही स्थान मिळाले. कागदावर हे ठीकच आहे. परंतु खडकीच्या कार्यशाळेत रणगाडा खोलणाऱ्या कारागिराचे मत नव्या रणगाड्याच्या अटी लिहिताना, करारावर सही होण्यापूर्वी, विचारले जाते काय?