वाचन, व्याकरण आणि लेखन यांची फारकत

इंग्रजीच्या अध्यापनक्षेत्रात चिनीभाषक विद्यार्थ्याविषयी दोन समजुती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. हा विद्यार्थी कमालीचा कष्टाळू असतो, त्याला शब्दांच्या याद्या आणि व्याकरणाचे नियम मुखोद्गत असतात, ही पहिली. आणि एवढे करूनही स्वतःचा परिच्छेद लिहिताना तो अडखळतो, ही दुसरी. दोन्ही समजुतींना अनुभवाचा आधार आहे, परंतु त्यांचा परस्परसंबंध काय, याचा विचार क्वचितच केला जातो. नियम माहीत असणे आणि मजकूर वाचताना किंवा लिहिताना तो नियम नेमक्या क्षणी हाताशी येणे यांत मोठे अंतर आहे, आणि हे अंतर विद्यार्थ्याच्या आळसाने नव्हे, तर सरावाच्या रचनेने निर्माण होते. वाचन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी, व्याकरण रिकाम्या जागा भरण्यासाठी आणि लेखन ठरावीक साच्यात मजकूर बसवण्यासाठी, अशी तीन कौशल्यांची फारकत जेथे होते, तेथे कष्ट वाढूनही भाषा वाढत नाही.

या फारकतीची मुळे चीनच्या परीक्षापद्धतीत आहेत. बीजिंगमध्ये 1862 साली स्थापन झालेल्या थोंगवन ग्वान या सरकारी भाषाशाळेत इंग्रजी शिकवली जाई ती दुभाषे आणि राजनैतिक अधिकारी घडवण्यासाठी, म्हणजे मूठभरांसाठी. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली विद्यापीठप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, अर्थात गाओकाओ, 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर इंग्रजी हा लक्षावधी विद्यार्थ्यांच्या भवितव्याचा विषय बनला. बहुतेक प्रांतांत या परीक्षेच्या 750 गुणांपैकी 150 गुण इंग्रजीला असतात. विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी कॉलेज इंग्लिश टेस्टची चौथी श्रेणी 1987 मध्ये आणि सहावी श्रेणी 1989 मध्ये आली, तर 2001 मध्ये शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचे धोरण जाहीर केले. एवढ्या प्रचंड संख्येच्या उत्तरपत्रिका निःपक्षपातीपणे तपासायच्या, तर पर्याय निवडण्याचे प्रश्न सोयीचे ठरतात. आणि परीक्षेत जे वेगवेगळे तपासले जाते, ते वर्गातही वेगवेगळेच शिकवले जाऊ लागते.

चिनीभाषक विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील चुका विखुरलेल्या नसतात, त्यांना निश्चित रीत असते, आणि ती समजण्यासाठी त्याच्या मातृभाषेच्या घडणीकडे पाहावे लागते. प्रमाण चिनी भाषेत क्रियापद पुरुष, वचन किंवा काळ यांनुसार बदलत नाही. नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, अपवाद फक्त सर्वनामांचा आणि माणसे दर्शवणाऱ्या काही नामांचा. आणि नाम निश्चित की अनिश्चित हे दाखवणारी उपपदे, म्हणजे इंग्रजीतील 'अ' आणि 'द' यांच्यासारखे शब्द, त्या भाषेत नाहीत. तृतीयपुरुषी सर्वनाम स्त्री, पुरुष आणि वस्तू या तिन्हींसाठी उच्चारात एकच आहे; लिखाणातील त्यांचा भेद विसाव्या शतकात रूढ झाला. त्यामुळे इंग्रजी उत्तम जाणणारी व्यक्तीही बोलण्याच्या ओघात 'ही'च्या जागी 'शी' म्हणून जाते, ती अज्ञानामुळे नव्हे, तर ज्या भेदाची दखल घेण्याची सवय मातृभाषेने कधी लावलीच नाही तो भेद प्रत्येक वाक्यात पाळावा लागतो म्हणून.

काळाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. क्रिया केव्हा घडली हे चिनी भाषा कालवाचक शब्दांवर आणि संदर्भावर सोपवते, आणि क्रिया पूर्ण झाली, चालू आहे की पूर्वी कधी अनुभवलेली आहे, ही क्रियेची व्याप्ती मात्र क्रियापदाला जोडलेल्या छोट्या अव्ययांनी दाखवते. त्यांपैकी पूर्णता दाखवणारे 'ल' हे अव्यय म्हणजेच भूतकाळ, अशी समजूत विद्यार्थी सहज करून घेतो. प्रत्यक्षात उद्या जेवण झाल्यावर निघायचे आहे, असे सांगतानाही चिनी वाक्यात हे अव्यय येते, आणि लहानपणी कोणी अबोल होते, अशी जुनी स्थिती सांगताना ते येत नाही. परिणामी घटना सांगताना विद्यार्थी भूतकाळ नीट वापरतो आणि स्थिती किंवा सवय सांगू लागताच वर्तमानकाळाकडे घसरतो. अशा विद्यार्थ्याकडून भूतकाळी रूपांचा तक्ता पुन्हा पाठ करून घेण्यात वेळ जातो. त्याला रूपे येतात, कोणत्या अर्थाला ती लागतात एवढे दिसलेले नसते.

वाक्यरचनेतही हेच घडते. चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्प्सन या भाषावैज्ञानिकांनी 1976 मध्ये चिनीला विषयप्रधान भाषा म्हटले. म्हणजे अशी भाषा, जिच्यात आधी बोलण्याचा विषय मांडायचा आणि मग त्याविषयी विधान करायचे, ही मांडणी कर्ता आणि क्रियापद यांच्या जोडीपेक्षा अधिक मूलभूत असते. संदर्भातून कळणारा कर्ता किंवा कर्म तेथे सहज गाळता येते. शिवाय एकाच वाक्यात क्रियापदे जोडशब्दांविना एकामागून एक येऊ शकतात. 'देअर आर मेनी स्टुडंट्स स्टडी हिअर' हे वाक्य त्यातूनच तयार होते : विद्यार्थ्याला त्यात दोन मुख्य क्रियापदे खटकत नाहीत, कारण एका वाक्यात काळ दाखवणारे एकच मुख्य क्रियापद असावे आणि इतरांनी रूप बदलावे, ही अट त्याच्या भाषेत नाही. 'ऑलदो' या शब्दाने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'बट' येतो, तोही चिनीत असे शब्द जोडीने येतात म्हणून. मराठीतील 'जरी–तरी' ही जोडी लक्षात घेतली, तर ही चूक महाराष्ट्रातील शिक्षकालाही परिचयाची वाटेल.

एस. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये चुकांकडे शिकण्याच्या प्रक्रियेचा पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, आणि लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये विद्यार्थ्याच्या घडत्या भाषेला आंतरभाषा हे नाव रूढ केले. मातृभाषा आणि शिकायची भाषा या दोहोंहून वेगळी, स्वतःचे नियम असलेली अवस्था, असा त्याचा अर्थ. चीनमध्ये ग्वेइ शिचुन आणि यांग ह्वेइचोंग यांनी विद्यार्थ्यांच्या लेखनाचा सुमारे 10 लाख शब्दांचा संग्रह चुकांच्या वर्गीकरणासह 2003 मध्ये प्रसिद्ध केला, त्यामागेही हीच दृष्टी होती. चुकीवर लाल रेघ ओढणे हे तपासनिसाचे काम आहे. तिची रीत ओळखून पुढचा सराव ठरवणे हे शिक्षकाचे.

वाचनाच्या बाबतीत अडचण दोन पातळ्यांवर येते. पहिली लिपीची. चिनी लिपीतील एक चिन्ह सामान्यतः एक अक्षर आणि एक अर्थघटक दाखवते, शब्दांमध्ये जागा सोडली जात नाही, आणि वर्ण जोडून उच्चार तयार करण्याची गरज तेथे पडत नाही. मुख्यभूमी चीनमध्ये मात्र 1958 मध्ये स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लिप्यंतराची पद्धत मुले शाळेच्या आरंभीच शिकतात, आणि तिचा लाभ इंग्रजी वाचनाला होतो. होम आणि डॉड यांच्या 1996 मधील अभ्यासात हाँगकाँगमधून आलेल्या, पिनयिन न शिकलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना अर्थहीन बनावट शब्द वाचण्यात आणि शब्दातील ध्वनी वेगळे करण्यात इतरांहून अधिक अडचण आली होती. तेव्हा पूर्ण शब्द चित्रासारखा लक्षात ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला नवा शब्द उलगडण्याचे साधन म्हणून ध्वनी आणि अक्षरे यांचा संबंध शिकवणे प्रौढ वयातही अनावश्यक ठरत नाही.

दुसरी पातळी वाक्याची. चिनीत विशेषण असो वा संपूर्ण उपवाक्य, ते नामाच्या आधी येते. 'काल आलेला माणूस' या मराठी रचनेसारखीच तेथील रचना असते. इंग्रजीत संबंधी उपवाक्य नामाच्या नंतर येते आणि मुख्य क्रियापद दूर ढकलले जाते. अशा वेळी विद्यार्थी वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन मागे फिरतो आणि मनात चिनी क्रम लावतो. एखाद्या वाक्यापुरते हे चालते, पण पानभर मजकुरात स्मरणशक्ती थकते आणि आशय निसटतो. वाक्याचे अर्थपूर्ण तुकडे पाडून, इंग्रजी क्रमानेच पुढे पुढे वाचण्याचा सराव हा त्यावरचा उपाय होय. चिनी विद्यापीठांत पाठ्यांशाची शब्दशः चिरफाड करणारे सखोल वाचन आणि भरभर, आशयासाठी करायचे विस्तृत वाचन असे दोन स्वतंत्र अभ्यासविषय परंपरेने चालत आले आहेत, पण मान आणि वेळ मिळाला तो पहिल्याला. वाक्याच्या घडणीची सवय मात्र सोप्या, भरपूर आणि रस वाटेल अशा मजकुरातूनच लागते.

पाठांतराला सरसकट दोष देणे येथे अन्यायाचे होईल. एल. जी. अलेक्झांडर यांच्या 1967 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'न्यू कन्सेप्ट इंग्लिश' या पाठ्यमालेचा दुसरा भाग, 96 धड्यांसह, पूर्ण मुखोद्गत करणारे विद्यार्थी चीनमध्ये आहेत. फेरेन्स मार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिले की, चिनी परंपरेत पाठांतर हे अनेकदा समजण्याच्या विरोधात नसून समज खोल करण्याचे साधन असते. प्रत्येक पुनरावृत्तीत अर्थाचा नवा पदर लक्षात येतो. जिवंत गद्य पाठ केल्याने शब्दांच्या नैसर्गिक जोड्या, लय आणि उपपदांचा वापर अंगवळणी पडतो. हानी होते ती निबंधांचे साचे पाठ करण्याने. 'विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या आणि प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात असे बजावून संपणाऱ्या असंख्य निबंधांत विषय कोणताही असला, तरी विचार कोणाचाच नसतो.

लेखनाच्या मांडणीविषयी रॉबर्ट कॅप्लन यांचा 1966 मधील लेख पुष्कळ गाजला. इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत पुढे जातो आणि पौर्वात्य लेखन विषयाभोवती वर्तुळे घेत जाते, असे त्यात सुचवले होते. या मांडणीवर सर्वसाधारणीकरणाची रास्त टीका झाली आणि पुढे कॅप्लन यांनी स्वतःही ती सौम्य केली. चिनी लेखनपरंपरेत आरंभ, विस्तार, वळण आणि समारोप अशी चार टप्प्यांची रचना आहे हे खरे. परंतु आजचा चिनी विद्यार्थी आपल्याच भाषेत मुद्देसूद निबंध लिहायला शिकलेला असतो. वर्तुळाकार विचाराच्या सिद्धान्तापेक्षा एक साधी बाब अधिक उपयुक्त ठरते. चिनी गद्यात अर्थाने जोडलेली अनेक स्वतंत्र विधाने स्वल्पविरामांनी जोडत जाणे शिष्टसंमत आहे; इंग्रजीत तीच रचना सदोष ठरते. तेव्हा पूर्णविराम कोठे द्यायचा आणि दोन विधानांतील संबंध कोणत्या शब्दाने दाखवायचा, हे शिकवले म्हणजे मांडणीचा मोठा भाग सुधारतो.

तिन्ही कौशल्ये पुन्हा एकत्र कशी आणावीत, याचे उत्तर चीनमधील अध्यापकांनीच दिले आहे. ग्वांगदोंग परकीय भाषा विद्यापीठाचे वांग चुमिंग यांनी अपुरी ठेवलेली कथा वाचून ती पूर्ण करण्याचा सराव आग्रहाने मांडला. यात वाचलेला मजकूर समजल्याशिवाय पुढे लिहिता येत नाही, आणि लिहिताना त्याच मजकुरातील रचना, काळ आणि शब्दांच्या जोड्या विद्यार्थी नकळत उचलतो. वांग चुमिंग आणि वांग मिन यांच्या 2015 मधील अभ्यासात, इंग्रजी कथा वाचून ती पुढे लिहिताना विद्यार्थ्यांच्या चुका चिनी कथा वाचून पुढे इंग्रजीत लिहिताना झालेल्या चुकांपेक्षा कमी आढळल्या. हा प्रकार 2016 मध्ये च-च्यांग प्रांताच्या गाओकाओत आला : सुमारे 350 शब्दांचा मजकूर, पुढील दोन परिच्छेदांची आरंभवाक्ये आणि सुमारे 150 शब्दांचे लेखन. त्यानंतर त्याचा प्रसार इतर प्रांतांतही झाला. परीक्षेत येताच या प्रकारासाठीही तयार वर्णनांची पाठांतरे सुरू झाली, हा इशारा शिक्षकांनी विसरू नये. साच्यात अडकलेली कोणतीही उत्तम पद्धत निष्प्राण होते.

वर्गापुरते बोलायचे, तर एका मजकुराभोवती आठवडाभराचा सराव बांधता येतो. प्रथम तो आशयासाठी वाचावा. मग त्यातील एकच रचना, उदाहरणार्थ स्थिती सांगणारा भूतकाळ किंवा नामानंतरचे उपवाक्य, निवडून ती तेथे कोणता अर्थ साधते हे विद्यार्थ्यांनी शोधावे. त्यानंतर ती रचना लागेल असा मजकूर त्यांनी स्वतः लिहावा. आणि तपासताना शिक्षकाने तीच एक रचना पाहावी. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये व्याकरणदुरुस्तीच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लावले आणि डाना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याचा प्रतिवाद केला. त्या वादातून एवढे तरी ध्यानात घ्यावे की, पानावरील सर्व चुका एकाच वेळी खुणावल्याने विद्यार्थी गोंधळतो, आणि निवडक, समजेल अशी दुरुस्ती करून पुनर्लेखनाची संधी दिल्यास तिचा उपयोग होण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रातील इंग्रजीच्या शिक्षकांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, कारण उपपदे मराठीतही नाहीत, आणि 'जेवण झाले की निघू' असे म्हणताना भूतकाळी रूप भविष्यातल्या गोष्टीसाठी मराठीही वापरते. चीनमधील अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या चुका चिकाटीने जमवल्या, वर्गीकृत केल्या आणि त्यांवरून सराव घडवला. मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या लेखनाबाबत असे काम शाळाशाळांतून सुरू करण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका वर्षाच्या वह्यांतून वारंवार येणाऱ्या चुका नोंदवल्या, त्यांचे मातृभाषेतील मूळ शोधले आणि पुढच्या वर्षीचे वाचन व लेखन त्यानुसार निवडले, तर कष्टाळू विद्यार्थ्याच्या कष्टांना हक्काचे फळ मिळू लागेल.