पेठ लिहिली, गाव विसरलं

पत्र उशिरा आलं की पोस्टमनला बोल लावायची आपल्याला खोड आहे. या आठवड्यात सोलापुरातल्या आमच्या पेठेतल्या एका निवृत्त गुरुजींना पुण्याच्या एका संस्थेचं निमंत्रण समारंभ उरकल्यावर मिळालं. मी पाकीट मागून घेतलं. सुबक छापील चिठ्ठी, नावापुढे दोन पदव्या, खाली ‘शुक्रवार पेठ, मारुती मंदिराजवळ’ आणि मोबाइल नंबर. सोलापूर हा शब्द नाही, पिनकोडच्या सहा चौकटी कोऱ्या. शुक्रवार, शनिवार, बुधवार, भवानी, गणेश या पेठा पुण्यातही आहेत. पाकीट तिकडे भटकलं, यात पोस्टाचा काय दोष?

याउलट खेड्यातून येणारं कार्ड पाहा. मु. म्हणून वस्तीचं नाव, मग पो. बोरामणी, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर. अक्षर वेडंवाकडं असेल, पण टपाल ज्या पायऱ्यांनी उतरतं त्या सगळ्या त्यात आहेत. छाटणीवाला पत्ता खालून वर वाचतो: आधी जिल्हा, मग टपाल कार्यालय, नाव सर्वांत शेवटी. गावात पोस्ट असेल तर ‘मु. पो.’ एकत्र, नसेल तर पोस्टाचं गाव वेगळं, हे कार्ड लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. शहरातल्या शिकल्यासवरल्या संस्थेला मात्र देवळाची खूण पुरेशी वाटते.

अशाच सारख्या नावांचा घोळ सुटावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ ला ती लागू झाली. पुण्याचा आरंभ ४११ ने, सोलापूरचा ४१३ ने. मात्र तुळजापूर ४१३६०१, लातूर ४१३५१२ आणि बारामती ४१३१०२ हेही ४१३ मध्येच येतात. म्हणून शेवटचे तीन आकडे अंदाजाने टाकू नयेत. पत्र वाटणारं कार्यालय त्यांवरूनच ठरतं.

२०२५ मध्ये टपाल खात्याने दहा अक्षरी डिजिपिन आणला. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन तो दाखवतो. चांगली सोय आहे, पण त्या चौकोनावर चार मजले असतील तर कुणाचं दार ठोठावायचं? नाव, घर क्रमांक आणि मजला लिहावाच लागेल.

संस्थांच्या कार्यवाहांना विनंती आहे: सभासदांची यादी एकदा बाहेर काढा, प्रत्येकाकडून गाव आणि पिनकोड मागवून घ्या. आणि पाकिटावर डावीकडे खाली स्वतःचा पूर्ण पत्ता छापा. पत्र पोचलं नाही तर निदान तुमच्याकडे परत येईल.